साडेसात फॅटचं रक्त

सयाजीचा घोटा मोडला, प्लास्टर झालं, प्लास्टर निघालंही, तरी डॉक्टरांचं समाधान होईना. "हाड पार सांध्यापर्यंत तडकलं होतं. पुढं संधिवात धरू शकतो," ते म्हणाले. "पीआरपी करू. तुमचंच रक्त काढायचं, मशिनवर फिरवायचं आणि वरचं पिवळं पाणी घोट्यात सोडायचं. खात्री देत नाही, पण करून बघू. फक्त आदल्या दिवसापासून तेलकट काही खाऊ नका."

संधिवाताचं नाव ऐकून सयाजीला आधी नोकरी आठवली. गावच्या दूध संस्थेत प्रत्येकाच्या दुधाचं फॅट मोजायचं त्याचं काम, त्यावरच दर ठरायचा; तेही सकाळ-संध्याकाळ उभ्यानं. घोट्यानं दगा दिला, तर त्या जागेवर चेअरमनचा भाचा राजवीर टपून बसलेलाच होता. तेव्हा पथ्य पाळायचंच, असं ठरवून त्यानं ते थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या कानावर घातलं.

आक्कानं त्यातलं 'रक्त काढणार' एवढंच मनावर घेतलं. "काढणार म्हंजे आदी भराय नको व्हय? मटण आणलंय."

"आक्का, तेलकट नको म्हटल्यात."

"मग तांबडा रस्सा करत न्हाय. पांढऱ्यात कुठं तेल असतंय? नारळाचं दूध, काजू, खसखस आन वाईच तूप."

यात सयाजीला कुठंही खोट दिसली नाही. त्यानं रात्री पांढरा रस्सा मनसोक्त ओरपला आणि उरलेला सकाळी निघताना संपवला.

दवाखान्यात निशा सिस्टरनं रक्त काढलं, फिरवलं आणि नळी डॉक्टरांना दिली. खाली तांबडं, वर पांढरंशुभ्र. डॉक्टरांनी नळी सयाजीपुढं धरली.

"काय खाल्लं होतं?"

"पांढरा रस्सा. तेलाचा थेंब न्हाय."

सयाजीनं सवयीनं नळी हातात घेऊन उजेडाला धरली. "साडेसात फॅट लागंल की," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमानही होता.

"आमच्याकडं फॅट लागलं की नापास," डॉक्टर म्हणाले. "आता आठवडाभर भाजी-भाकरी खा आणि मग या."

सयाजीनं आठवडा निमूटपणे काढला. दुसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ पिवळं निघालं आणि इंजेक्शन पार पडलं.

मधल्या काळात आक्का दूध घालायला संस्थेत गेली होती. रांगेत उभ्या उभ्या तिनं भावाचं कौतुक सांगितलं, "आमच्या सयाजीच्या रक्ताला साडेसात फॅट लागलं. डॉक्टरनी घेतलंच न्हाय."

रांगेतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. त्या रांगेत कुणाच्याही म्हशीच्या दुधाला सयाजीनं कधी सहाच्या वर फॅट लावलेलं नव्हतं. शेवटी मागून बाळासो म्हणाला, "म्हंजे आमचं फॅट जातंय कुठं, ते आज गावलं."

सयाजी कामावर हजर झाला, त्या दिवशी सगळं संचालक मंडळ त्याच्यासाठी जमलं होतं. फॅटची चौकशी दुपारपर्यंत चालली. त्याला बस म्हणून कुणी म्हटलं नाही. घोटा मात्र एकदाही दुखला नाही.