गाडी काय म्हणते

दिगंबरमामांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. जे मागायचं ते त्यांची जीप मागत असे.

चहाची तलफ आली की ते म्हणत, "गाडी थकली बे, थांबू दे तिले." लग्नात कंटाळा आला की, "गाडीले झोप आली, निघतो." ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहा म्हणून गावातले चार लोक घरी आले. मामांनी त्यांना सुपारी दिली, अंगणात जाऊन जीपच्या बॉनेटवर हात ठेवला, थोडा वेळ तसेच उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "माह्या मनात काही नाही. पन गाडी नाही म्हनते." लोक उठून गेले. गाडीशी वाद कोण घालणार?

जीप लष्कराच्या लिलावातली होती. महाराष्ट्र राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती, तरी तिच्या नंबराच्या पाटीवर जुन्या प्रांताचीच अक्षरं होती. तिला दारं नव्हती. डावा मडगार्ड मामांनी तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा करून बसवला होता. वडनेर भोलजीला त्यांची पिठाची गिरणी होती. जीप येण्याआधी त्यांच्या वतीनं गिरणीचा पट्टा बोलायचा, आणि त्याच्याही आधी बैल.

"मंग आपल्या लग्नाले कोनं हो म्हटलं?" मामी एकदा माझ्यासमोर म्हणाल्या. "तवा तं गाडीबी नव्हती अन् गिरनीबी."

"बैलानं म्हटलं. लय गरीब जनावर होतं."

"गरीब नाही, आंधळं होतं."

मामा खूश होऊन हसले. बैलाची अशी बदनामी मामींनीच करावी, इतरांनी नाही, असं त्यांचं मत होतं.

मी त्यांचा भाचा. नोकरीला लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात रजा घेऊन गेलो, तेव्हा मामांनी जीप काढली. मामा, मामी आणि मी. सिंदखेड राजा, लोणार, मेहकर करून परत, एवढाच बेत. गाडीला फिरावंसं वाटत होतं, असं कारण मला सांगण्यात आलं. खरं कारण लोणारला कळलं. विवराच्या काठावर मामा उभे राहिले आणि म्हणाले, "एवढा खड्डा पडला तवा आवाज किती झाला असंन!" मग जीपच्या पायरीवर बसले. "गाडी खाली उतरत नाही म्हनते. तुमी या जाऊन." मामींना घेऊन मी खाली देवीच्या देवळात गेलो. मामींनी ओटी भरली, डोकं टेकलं आणि बराच वेळ उचललं नाही. आम्ही वर आलो तेव्हा मामा त्याच जागी होते.

"झालं?"

"झालं."

  शांता ही त्यांची एकुलती लेक. तिच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही चिखलीहून निघालो. अमडापूर, खामगाव, नांदुरा आणि मग घर. अमडापूरला शांताचं सासर. लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मामी घरात जाऊन बसत, बोलत, पण पाण्याला शिवत नसत. मामा तेवढंही करत नसत. शांताच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला कडुनिंब होता. त्याच्याखाली आलं की गाडी पुढे जायला नकार द्यायची. शांता बाहेर येऊन चाकाजवळ उभी राहायची. बाप स्टीअरिंगवर, लेक रस्त्यावर, असं त्यांचं बोलणं चाले. तहान लागली तर मामा सीटखालचा स्वतःचा फिरकीच्या झाकणाचा तांब्या काढत.

त्या दिवशी घरासमोर मांडव होता. शांताच्या धाकट्या दिराला मुलगा झाला होता आणि त्याचं बारसं होतं. निमंत्रण बहुधा आम्ही निघाल्यावर वडनेरला पोचलं असावं. आतून पाळण्याची गाणी ऐकू येत होती. मांडवात पुरुषांची पंगत बसली होती. बाळाच्या आईचे वडील, नवा फेटा बांधलेले, पंगतीच्या सुरुवातीला पाटावर होते. लेकीच्या घरी त्यांचं ते पहिलंच जेवण होतं, आणि वाढणारे त्यांना बुंदीचा आग्रह करत होते.

शांता आली ती आतून नाही, घराच्या मागून. कपाळाला पीठ लागलेलं, हात पदराला पुसत.

"बाबा! केव्हा निघाले? माय, उतर ना."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. "तू पाळन्यापाशी काऊन नाही?"

"चुलीजवळ कोनी पाह्यजे ना."

"गावात दुसऱ्या बायका नाहीत?"

शांता चाकाकडे बघत होती. "माहा हात पाळन्याच्या दोरीले नको म्हनतात, बाबा. कोनी वाईट नाही बोललं. रीतच हाये तशी."

तेवढ्यात तिच्या सासूबाई बाहेर आल्या. मोठ्या अंगाच्या, दमलेल्या, लग्नघराइतकी माणसं अंगावर घेतलेल्या. "या व्याही, मांडवात तरी बसा. जेवा म्हनता येत नाही तुमाले. तुमचं तुमाले माईत." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. होतं ते सांगितलं.

मामा दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून बसले होते. मामींनी मागून हळूच विचारलं, "निघाचं का? गाडी काय म्हनते?"

मामांनी स्टीअरिंगवरचे हात काढले. ते खाली उतरले. मांडवाच्या कडेला चपला काढल्या, रांजणाशी जाऊन हातपाय धुतले आणि पंगतीच्या शेवटी, मोकळ्या पत्रावळीसमोर जाऊन बसले.

वाढणारा बुंदीचं पातेलं धरून थांबला. पंगतीतले हात थांबले.

"व्याही," सासूबाई म्हणाल्या, "तुमाले चालत नाही अजून."

"सात वर्षं झाले, माही पोरगी या घरात सैपाक करून राह्यली," मामा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "मी सोडून समदं अमडापूर जेवलं तिच्या हातचं. मले भूक लागली. वाढा. अन् तिलेच वाढू द्या."

 मग शांता वरण-भात घेऊन आली. वाकून वाढताना वरण भातावर न पडता पत्रावळीच्या बाहेर गेलं. मामांनी ते बोटानं आत ओढून घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

नवा फेटा बांधलेले गृहस्थ आपल्या पाटावरून सगळं पाहत होते. ते शेजारच्याला म्हणाले, "जेवा हो, थंड होऊन राह्यलं." पंगत पुन्हा सुरू झाली.

मामा सावकाश जेवले. वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. थंडीचे दिवस होते, तरी त्यांच्या मानेवर घाम होता. सासूबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्या होत्या. काही वेळानं त्या आत गेल्या, तुपाची वाटी घेऊन आल्या आणि स्वतःच्या हातानं मामांच्या भातावर त्यांनी तूप वाढलं. पाळण्याबद्दल कोणी काही बोललं नाही. शांताला कोणी आत बोलावलं नाही. आम्ही निघालो तेव्हा ती पुन्हा घराच्या मागे चुलीकडे गेली होती. एवढं मात्र मी पाहिलं, की जाताना ती मांडवाच्या मधून गेली.

मामी जेवल्या नाहीत. त्या जीपमधून उतरल्याच नाहीत.

खामगाव मागे पडलं. मग मामी म्हणाल्या, "आता लोकं म्हनतीन, मायबापानंच आशा सोडली."

मामा गाडी चालवत राहिले.

"परवा मी देवीजवळ पदर पसरला. अन् तुमी आज पंगतीत जाऊन बसले. देवीनं काय समजाव?"  त्यांनी तोंड बाहेर, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाटीकडे वळवलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण दोघांपैकी कोणाच्या बाजूनं, ते मला कळलं नाही. नांदुऱ्याचं फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत थांबावं लागलं.

वडनेरला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. गिरणीला लागून करीमभाईंचं शिलाईचं दुकान. मामांचे ते लहानपणापासूनचे सोबती. जीप थांबताच त्यांनी ओट्यावरून हाक दिली.

"आले का सरकार? काय काय पाह्यलं?"

मी लोणारचं, सिंदखेड राजाच्या वाड्याचं सांगायला तोंड उघडलं. मामा आधी बोलले.

"अमडापूरले जेवलो."

करीमभाई उठून उभे राहिले. सुईदोरा त्यांच्या हातातच होता. या वाक्याचा अर्थ त्या गल्लीत एकच होत होता.

"लेकीकडं जेवले? अरे, मुबारक हो! एवढी मोठी गोष्ट अन् कोनाले सांगतली नाही! काय झालं, पोरगा का पोरगी?"

मामी दारात कुलूप काढत होत्या. त्यांचा हात थांबला.

"पोरगी," मामा म्हणाले.

"वा! नाव काय ठेवलं?"

"शांता."

करीमभाईंनी मामांकडे पाहिलं, मग दाराकडे, मामींच्या पाठीकडे.  नंतर त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली, आणि नव्या जन्मलेल्या लेकराला द्यावा तसा आशीर्वाद दिला.

"अल्ला तिले लांब उमर देवो."