उत्स्फूर्त कृतज्ञतेची तालीम

"मुलं फ्रायडेला टीचर्सना स्वतःहून थँक्स बोलणार आहेत," सिस्टर प्रिन्सिपलनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. "वेन्सडेपर्यंत सगळं लिहून रेडी पाहिजे."

सगळ्यांनी पॅट्रिशिया टीचरकडे पाहिलं. यंदा मुलांचं प्रेम मराठीतून वाहणार होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, मुलं आपसांत हिंदी बोलणारी. पण "आजकल मराठीमध्येच ठेवलेलं सेफ," असं सिस्टरचं मत पडलं. आणि शाळेत मराठी शिकवणाऱ्या पॅट्रिशिया टीचर एकट्याच होत्या.

उत्तनकडच्या या शाळेत एके काळी कृतज्ञतेला कागद लागत नसे. बोट भरून आली की एखादा मुलगा केळीच्या पानात गुंडाळलेलं पापलेट टीचरच्या टेबलावर ठेवी आणि मान खाली घालून बाकावर जाऊन बसे. टीचरही न बोलता ते पिशवीत टाकत. तो मुलगा पास होईच असं नाही, पण पापलेट ताजं असे. आता काळ सुधारला होता. आता भाषणं होती आणि मागे पडद्यावर स्लाइड शो होता.

पॅट्रिशिया टीचरना एरवी हे काम नकोच वाटलं असतं. पण सुपरवायझरची जागा रिकामी होती, आणि ती कोणाला द्यायची हे ठरवायला शिक्षण मंडळाचे फादर त्याच दिवशी पाहुणे म्हणून येणार होते. "फादरना दिसू दे, मुलं तुमच्यावर किती लव्ह करतात," सिस्टर म्हणाल्या होत्या. सुपरवायझरला स्वतःची खोली असते आणि खोलीत खुर्ची असते. उभ्याने शिकवून शिकवून टीचरच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. त्यांना ती खुर्ची हवी होती.

त्या लिहायला बसल्या, आणि सत्कारमूर्ती एकेक करून सुधारणा सुचवायला आल्या.

"'कडक' काढा," सिस्टर म्हणाल्या. "'शिस्तीतही ममता' टाका. आणि माझ्या आवाजाबद्दल काहीतरी. मी क्वायरमध्ये होते."

पीटीचे समाधान सर म्हणाले, "माझ्या बॉडीचा उल्लेख येऊ द्या, टीचर. पोरं इन्स्पायर होतात."

हेडक्लार्क पास्कल दारातच घुटमळला. "टीचर, आमचा पन कायतरी लिवा. म्हंजे, मी खिडकीत सगल्यांशी हसून बोलतंय, असा कायतरी."

"पास्कल, तुझी खिडकी उघडी असते कधी?"

"म्हनून तर लिवा बोलतंय! न्हायतर लोकांना कलनार कसा?"

टीचरनी तेही लिहिलं. शेवटी स्वतःवरचं भाषण लिहायची वेळ आली. संकोच आवरून त्यांनी स्वतःला 'माउली' म्हटलं, पुन्हा वाचून पाहिलं, आणि पुढे 'पदराची सावली'ही घातली.

मग तालीम. कॅल्विनने सिस्टरवर बोलायचं, ॲशलीने पास्कलवर, साईराजने समाधान सरांवर आणि पंचशीलाने पॅट्रिशिया टीचरवर. घरी मराठी बोलणारी पंचशीला सोडली, तर मुलांनी एकही शब्द न समजता सगळं घडाघडा पाठ केलं.

"टीचर, 'सदैव ऋणी' मतलब?" साईराजने विचारलं.

"मतलब नंतर. आधी मान वर कर."

शुक्रवारी सकाळी गावात कोणीतरी वारलं आणि मातीच्या मिस्साला फादरच्या मदतीला वेदीसेवक हवा म्हणून कॅल्विनला चर्चमध्येच ठेवून घेतलं. सूत्रसंचालन करणाऱ्या ब्रिटनीने जराही न गडबडता निर्णय घेतला. तिने भाषण करणाऱ्या मुलांच्या रांगेतली पहिली खुर्ची काढून टाकली आणि बाकीच्यांना एकेक जागा पुढे सरकवलं. रांग नीट दिसली पाहिजे, एवढं तिला कटाक्षाने शिकवलेलं होतं.

सत्कारमूर्ती स्टेजवर पाहुण्या फादरशेजारी बसल्या होत्या. ब्रिटनीने पुकारलं, "आता आपल्या लाडक्या सिस्टर प्रिन्सिपलविषयी!"

ॲशली उठली. "आपण खिडकी उघडताच आमचं दुःख पळून जातं. आपला शिक्का पडल्याशिवाय या शाळेत पान हलत नाही. जेवणाच्या सुट्टीतही आपण आम्हाला हाकलून देत नाही!"

पालकांमध्ये खसखस पिकली. मराठी कळणारे आधी हसले, बाकीचे त्यांच्याकडे बघून हसले. सिस्टर 'शिस्तीतही ममता'ची वाट बघत हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिल्या. ती आलीच नाही.

"आता पास्कल अंकल!"

"आपलं धावणं वाऱ्यासारखं!" साईराज सुरू झाला. पॅट्रिशिया टीचरनी हाताने 'थांब, थांब' केलं. आवाज वाढवायची खूण समजून तो ओरडायला लागला, "आपली पिळदार शरीरयष्टी पाहून आम्हालाही व्यायामाची प्रेरणा मिळते!"

पास्कलने पोट आत घेतलं आणि भाषण संपेपर्यंत ते तसंच धरून ठेवलं. त्याला कुठेच काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

मग समाधान सरांची पाळी. पंचशीलाने हात जोडले. "आपण आमची माउली आहात. आपल्या पदराच्या सावलीत आम्ही वाढलो!" सरांनी शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

"आणि शेवटी, पॅट्रिशिया टीचर!"

कोणीच उठलं नाही. खुर्च्या संपल्या होत्या. पंचशीला अजून माइकसमोरच उभी होती. "टीचर," ती कुजबुजली, पण माइक चालू होता, "पाठ केलेलं खतम झालं. आता?"

"बाळ, मनातलं बोल," पाहुण्या फादरनी उदारपणे सांगितलं.

टीचरनी डोळे मिटले.

"पॅट्रिशिया टीचर खूप मेहनती आहेत," पंचशीला म्हणाली. "ही सगळी भाषणं त्यांनीच लिहिली. ज्याला जे पाहिजे ते विचारून लिहिली. मी आता बोलली ना, ते त्यांचं स्वतःचं होतं, चुकून सरांना गेलं. पाठ करताना आम्ही सारखं विसरायचो, पण टीचर कधी मारत नाहीत. त्यांचे पाय दुखतात तरी उभ्या राहतात. बस. थँक्यू."

सिस्टरनी घाईघाईने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. पास्कलनेही टाळ्या वाजवल्या. तो आज सगळ्यांवर खूश होता.

कार्यक्रम संपल्यावर फादरनी पॅट्रिशिया टीचरना ऑफिसात बोलावलं. सिस्टर तोंड फिरवून शेजारून गेल्या. टीचर उभ्याच राहिल्या. खोली गेली, खुर्चीही गेली, एवढं त्यांना कळून चुकलं होतं.

"सगळं तुम्ही लिहिलंत?"

"हो, फादर. चूक झाली."

"कॅल्विनचं राहून गेलं, ते आहे जवळ?"

टीचरनी पर्समधून कागद काढून दिला. फादरनी तो सावकाश वाचला, पुन्हा वाचला, आणि उठून दार लावून घेतलं.

"डिसेंबरात मला गुरुदीक्षा मिळून, फादर होऊन, पंचवीस वर्षं होतायत. मला स्वतःला असले समारंभ आवडत नाहीत. पण मुलांच्या मनातच असेल, तर आपण कोण अडवणारे?" त्यांनी घसा साफ केला. "सोमवारपासून सुपरवायझरच्या खोलीत बसा. तिथे लिहायला शांतता मिळेल."

टीचर खुर्चीत बसल्या. पाय लांब केले. पेनाचं टोपण काढलं.

"'विनम्र' हा शब्द मात्र अगदी सुरुवातीलाच येऊ द्या," फादर म्हणाले. "लोक शेवटपर्यंत ऐकत नाहीत."