चाकं वाळेपर्यंत

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना चांगले चार-चार पाय होते. तरीही तिथे गाड्या आल्या. का, ते मला विचारू नका. तुमच्या बाबांना विचारा.

भालेराव अस्वलाच्या गाडीची चाकं चांदीसारखी चकचकीत होती. त्यांच्यात बघून तो केस विंचरायचा. अस्वलाला केस किती असतात ते तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळ त्यातच जायची.

एकदा एका चाकावर ब्रेकची काळी भुकटी बसली. भालेरावाने भांड्यांची तारेची घासणी घेतली आणि खसाखसा घासलं. भुकटी गेली, चकाकीही गेली. चाकावर ओरखडेच ओरखडे! भालेराव दोन दिवस जेवला नाही. मधसुद्धा नको म्हणाला.

शेवटी त्याची बायको जांबवंती त्याला यमुनाक्का पाणमांजरीकडे घेऊन गेली. धुण्यापुसण्यातलं तिच्याइतकं कुणालाच कळत नसे.

"घासणी फेकून दे आधी," यमुनाक्का म्हणाली. "चाक तापलेलं असेल तर गार होऊ द्यायचं. मग नुसतं पाणी मारायचं. वाळूचा कण राहिला तर मऊ फडकंही ओरखडतं. मग साबणाचं पाणी. चाकांचं फडकं वेगळं, बाकी गाडीचं वेगळं. एकेक चाक घे, साबण वाळायच्या आत धू, कोरडं पूस."

"एवढंच, अक्का?"

"एवढंच. अर्ध्या तासाचं काम."

भालेरावाने त्याचा अख्खा दिवस केला. चाक गार झालं का, हे तो दर पाच मिनिटांनी गाल लावून बघायचा. फडकी तो रेशमी वापरू लागला. जांबवंतीची लग्नातली साडी कुठे गेली, हे तिला फार उशिरा कळलं.

पण चाकांवर नवा ओरखडा नाही. एकही नाही.

एका दुपारी शेजारची चितळीण रेवती कळा देऊ लागली. दवाखाना नदीपलीकडे होता.

जांबवंती धावत आली. "अहो, गाडी काढा! रेवती अडलीय!"

"आत्ता? अगं, तीन चाकं ओली आहेत. धूळ चिकटेल."

"तिला काय सांगू?"

"तासभर थांब म्हणावं."

जांबवंतीने त्याच्या हातातली किल्ली काढून घेतली, रेवतीला मागे बसवलं आणि गाडी सोडली. चौथ्या चाकाचा साबण रस्ताभर उडत गेला. नदीच्या उतारावर गाडी खडकाला घासली. जांबवंती थांबली नाही.

संध्याकाळी दोन पाडसं झाली. दोन्ही ठणठणीत.

दुसऱ्या दिवशी भालेरावाच्या अंगणात गर्दी झाली. पाडसं बघायला नव्हे. वीतभर ओरखडा बघायला.

"फार खोल आहे हो," ससा म्हणाला.

"धीर धरा," कोल्हा म्हणाला.

रेवतीही पाडसांना घेऊन आली. अजून तिचे पाय लटपटत होते. "भाऊजी, माझ्यामुळे झालं. माफ करा," ती म्हणाली.

भालेरावाने डोळे पुसले आणि तिला मोठ्या मनाने माफ केलं. सगळ्या जंगलाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या न वाजवणाऱ्या दोघीच होत्या. यमुनाक्का नदी ओलांडताना भिजलेल्या पाडसांना चाटूनपुसून कोरडं करत होती आणि जांबवंती रेवतीला खीर भरवत होती.

तात्पर्य : मुलांनो, जन्म घेण्यापूर्वी शेजाऱ्याची चाकं वाळली आहेत का, ते नीट बघून घ्यावं.