सतरा रुपये सत्तर पैशांचे गाऱ्हाणे

कोणत्याही पत्रात मुद्द्याला हात घालण्यापूर्वी दिगूतात्या गावकर दीड पान नमस्कार करतात. हे नमस्कार घाऊक नसतात. पहिला आमच्या प्रभागाच्या ग्रामपंचायत सदस्याला, मग सरपंचांना, मग पंचायत समितीला, जिल्हा परिषदेला, आमदारांना आणि सर्वांत शेवटी खासदारांना; प्रत्येकाला हुद्द्यानिशी आणि चिमूटभर स्तुतीनिशी. पत्र खासदारांना असले तरी नमस्कार सगळ्यांना, आणि प्रतही सगळ्यांना. ‘‘इतक्या जणांना कशाला, तात्या?’’ असे कोणी विचारले की ते चष्म्याच्या वरून पाहतात आणि म्हणतात, ‘‘मधलो थांबो चुकवायचो नाय.’’

हे वाक्य त्यांनी दोन नोकऱ्यांतून कमावले आहे. पहिली एस.टी.ची. मालवण–वैभववाडी गाडीवर ते एकतीस वर्षे कंडक्टर होते, आणि पुढच्या थांब्याचा एकही उतारू गाडीत नसला तरी त्या थांब्याचे नाव पुकारल्यावाचून राहत नसत. दुसरी नोकरी बिनपगारी आणि वंशपरंपरेची. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराकडे आहे. हातात नारळ धरायचा आणि गावाच्या वतीने देवाशी रोखठोक बोलायचे. वेशीवरच्या राखणदारापासून गाभाऱ्यातल्या देवापर्यंत प्रत्येकाला क्रमाने हाक मारायची. आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेल्या गावाने ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणून साथ द्यायची. ती साथ आल्याखेरीज गाऱ्हाणे पुरे होत नाही. एकट्याने घातलेल्या गाऱ्हाण्याला तात्या ‘बडबड’ म्हणतात.

पत्रालाही तोच न्याय. पाकिटात जाण्यापूर्वी ते अंगणात उभ्याने, खड्या आवाजात वाचले जाते आणि प्रत्येक परिच्छेदानंतर कोणीतरी ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणावे लागते. पूर्वी हे काम तात्यांच्या पत्नी, सुमतीकाकी, ओट्यावर बसून नारळ खवता खवता करीत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि मी कुंपणापलीकडची शेजारीण, शिवाय कुडाळला कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेली, म्हणून ती जागा माझ्याकडे चालत आली. ‘‘बाय, वायच येतंस? एक पत्र तयार झाला,’’ अशी हाक येते. मी जाते. अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबूस वास हवेत जड झालेला असतो, जांभ्याचा ओटा पाठीला ऊब देत असतो, दूर खाडीच्या मुखाशी पाणी वाळूशी कुजबुजत असते; आणि जन्मभर वृत्ते आणि अलंकार शिकवलेली मी, रस्त्याकडेच्या गटाराविषयीच्या निवेदनाला मनापासून ‘‘व्हय म्हाराजा’’ म्हणते.

तात्यांची आणखी एक तऱ्हा आहे. त्यांना कोणालाही फोन करता येत नाही, कारण ते नंबरच देत नाहीत. घरात फोन नाही असे नव्हे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, साखरेच्या डब्याशेजारी, बटणांचा एक जुना फोन आहे. नित्य चार्ज केलेला, मऊ फडक्याने पुसलेला. कधीतरी दुपारी तो ‘टुण्’ करतो आणि तो बारीक, पितळी नाद कुंपण ओलांडून माझ्यापर्यंत येतो. पण नंबर मागितला, तर तात्या म्हणतात, ‘‘तो फोन माजो नाय.’’ लोकांनी उठसूट त्रास देऊ नये म्हणून काढलेली ही सबब असणार, अशी मी माझी समजूत करून घेतली होती.

तर त्या दिवशी पारूआक्का आली. पारूआक्का आमच्याकडे दारोदार मासे विकते. आधी तिच्या टोपलीतल्या बांगड्यांचा वास अंगणात येतो, मागाहून ती. त्या सकाळी मात्र टोपलीच्या फडक्याखालून पासबुक निघाले.

‘‘गावकरांनू, ह्या बघा. दर तीन म्हयन्यांनी सतरा रुपये सत्तर पैसे कापतत. बँकवालो सांगता, मेसेजीचे. माज्याकडे फोन खंय आसा?’’

‘‘मगे मेसेज खंय जाता?’’

‘‘ताच तर इचारलंय. तो म्हणता, सिस्टीमीत जाता.’’

‘‘आणि वाचता कोण?’’

‘‘माका काय ठावक? पैशे माजे, आणि वाचूक सिस्टीम!’’

तात्यांनी पासबुक डोळ्यांजवळ नेले. पाने मिठाने कडक झाली होती. त्यांनी प्रत्येक नोंदीवर बोट ठेवले, जणू उतारूंची मोजणी करीत होते. मग ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘न केलेल्या प्रवासाचा तिकीट एकतीस वर्सांत मी कोणाकडसून घेवक नाय.’’ आणि उठून उभे राहत त्यांनी जे जाहीर केले, ते ऐकून पारूआक्काचा हात तोंडावर गेला. ‘‘ह्या गाऱ्हाणा लागला नाय, तर जत्रेक नारळ हातात घेवचंय नाय.’’

हे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नव्हते. ज्याचा शब्द बँकेपुढे फुकट गेला त्याने देवापुढे कोणत्या तोंडाने उभे राहावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. आणि गावकरांच्या घरात नारळ धरणारा दुसरा हात उरलेला नव्हता.

पत्र दोन दिवसांत तयार झाले. नमस्कारांनंतरचे त्यातले मुख्य वाक्य मला अजून पाठ आहे : ‘ज्या खातेदाराकडे दूरध्वनीच नाही, त्याजकडून संदेशाचे शुल्क घेणे म्हणजे ज्या घरास दार नाही, त्याची कडी वाजविल्याची मजुरी मागणे होय. तरी, महाराजा, याचा न्यायनिवाडा व्हावा.’

मी म्हटले, ‘‘तात्या, वाक्य सुंदर आहे, पण लोकशाहीत ‘महाराजा’ शोभत नाही.’’

‘‘देवाक चालता, आणि खासदाराक चालूचा नाय?’’

‘महाराजा’ राहिला. सहा प्रती झाल्या, सहा पाकिटे झाली. मी कुडाळला निघाले होते, म्हणून ती माझ्या हाती आली. त्या वेळी जिल्हा परिषदेच्या आणि पंचायत समितीच्या निवडणुका व्हायच्या होत्या आणि तिथे कोणी निवडून आलेला सदस्यच नव्हता. ते मी तात्यांच्या लक्षात आणून दिले. ‘‘या दोन खुर्च्या रिकाम्या आहेत, तात्या. पत्र वाचणार कोण?’’

‘‘खुर्ची रिकामी आसली म्हणान मान रिकामो व्हता काय गो?’’

मी सहाही पाकिटे पिशवीत टाकली. आणि पोस्टात गेल्यावर शहाणपणा केला. बँकेच्या कामात पिठाची गिरणी चालवणाऱ्या आमच्या प्रभाग-सदस्येचा काय उपयोग, आणि रिकाम्या खुर्चीवर तिकीट कशाला वाया घालवायचे? एकट्या खासदारांचे पाकीट मी पेटीत टाकले. उरलेली पाच पिशवीच्या तळाशी गेली.

तीन महिने काहीही घडले नाही. पारूआक्काच्या पासबुकात तेवढी सतरा रुपये सत्तर पैशांची आणखी एक ओळ उमटली. जत्रा दीड महिन्यावर आली. देवळात रंगकाम सुरू झाले. चुन्याचा ओला वास वाडीभर पसरला. तात्या मात्र तिकडे फिरकेनात. ते रोज ओट्यावर बसून पोस्टमनच्या सायकलीकडे पाहत आणि सायकल गेली की पायांतल्या वहाणा काढून पुन्हा जागेवर ठेवीत. शेवटी मला राहवले नाही. पाचही पाकिटे नेऊन मी त्यांच्यापुढे ठेवली आणि खरे ते सांगितले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ‘‘बाय, तू गाडी थेट नेलंस,’’ ते म्हणाले. ‘‘थांब्यावर माणसा उभी होती गो.’’

आणि त्याच पावली, पाकिटे छातीशी धरून, ते क्रमाने वाटायला निघाले. पापक्षालनासाठी मी मागोमाग.

पहिला थांबा पिठाच्या गिरणीचा. आमच्या प्रभागाची सदस्य शुभांगी तिथेच असते. गिरणीच्या घरघरीत तिने पाकिटावरचे नाव दोनदा वाचले. ‘‘माका? माका पत्र?’’ ती निवडून आल्याला चार वर्षे झाली होती; लोक तिला तक्रारी सांगत त्या दळणाबरोबर आणि ओरडून. तिला लिहिलेले हे पहिलेच पत्र. तिने पट्टा थांबवला. अचानक पसरलेल्या शांततेत पिठाचे कण उन्हाच्या तिरिपेत तरंगत राहिले, आणि ती दीड पान नमस्कारांसकट सगळे पत्र वाचून काढत होती. आपल्या नावाशी आली तेव्हा तिने पदराने हात पुसले.

‘‘तात्यांनू, पारूआक्का एकटी नाय,’’ ती म्हणाली. ‘‘माजी सासू आसा. वरच्या वाडीतली अर्धी म्हातारी माणसा आसत. तुमी फुडे जावा. मी बघतंय.’’

तिने काय बघितले ते दुसऱ्या दिवशी कळले. गिरणीच्या दारावर तात्यांचे पत्र चिकटवलेले होते आणि खाली खडूने लिहिले होते : दळण होया तर पासबुक घेवन येवा. पंधरवड्यात एक वही भरली. नाव, खाते, फोन नाही, कापलेली रक्कम, सही किंवा अंगठा. प्रत्येक पानावर पिठाची बोटे.

रिकाम्या खुर्च्यांचे मोल तर मला नंतरच समजले. त्या पत्रांचे काय करावे हे तिथल्या कारकुनांना उमगले नाही. म्हणून त्यांनी नियमाला धरून शिक्का मारला, आवक क्रमांक घातला आणि पत्र वर पाठवले. सरपंचांनी पाठवले, आमदारांच्या कचेरीने पाठवले. असे करता करता एकाच निवेदनाच्या प्रती, अंगावर एकेक शिक्का वागवीत, सगळ्या बाजूंनी खासदारांच्या टेबलाशी येऊन थडकल्या. मी थेट धाडलेले पत्रही तिथेच होते. म्हणे, पहिल्या पानावर नुसते नमस्कार पाहून कोणीतरी ते निमंत्रणांच्या गठ्ठ्यात ठेवून दिले होते.

खासदारांच्या कचेरीतून फोन आला तो अर्थातच शुभांगीला.

‘‘तक्रार समजली, ताई. पण अशा खातेदारांची यादी आहे का तुमच्याकडे?’’

‘‘आसा,’’ शुभांगी म्हणाली. ‘‘पिठासकट आसा.’’

वही खासदारांकडे गेली, आणि त्यांनी बोलावलेल्या बँकवाल्यांच्या जिल्हा बैठकीला आमचे सरपंच गेले होते. त्यांनी परत येऊन जे वर्णन केले, ते गाव अजून विसरलेला नाही. खासदारांनी ती वही टेबलावर आपटली, तेव्हा पिठाचा लहानसा ढग उठला. मग त्यांनी दार नसलेल्या घराच्या कडीचे वाक्य मोठ्याने वाचले आणि ‘‘तरी, महाराजा, याचा न्यायनिवाडा व्हावा’’ यापाशी ते थांबले, तोच मागच्या रांगेतल्या कोण्या मालवणी अधिकाऱ्याच्या तोंडून, नकळत, सवयीने निघून गेले, ‘‘व्हय म्हाराजा!’’

जत्रेच्या आठ दिवस आधी बँकेचा मॅनेजर, लातूरकडचा एक तरुण, हुकूम घेऊन स्वतः गिरणीवर आला. फोन नसलेल्या खात्यांची कपात बंद, कापलेली रक्कम परत. आणि फोन असूनही ज्यांना संदेश नको असतील त्यांनी अर्ज भरावा. बँकेतले पासबुक छापायचे यंत्र त्या दिवशी रहाटासारखे करकरत राहिले. पारूआक्काने ताजी ओळ नाकाशी धरली. शाईचा वास घेतला. ‘‘जमा!’’ ती किंचाळली. ‘‘शिरा पडो त्या सिस्टीमीवर, जमा लिवलाहा!’’ आणि टोपलीतला सर्वांत लठ्ठ बांगडा तिने थेट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

जत्रेच्या सकाळी तात्यांनी नारळ हातात घेतला. सभामंडपात उदबत्त्यांचा धूर, सुरंगीचे वळेसर माळलेल्या बायका, पायांखाली शेणाने सारवलेली गार जमीन. तात्यांनी वेशीपासून गाभाऱ्यापर्यंत सगळ्यांना हाक मारली, एकही थांबा न चुकवता, आणि आवाज चढवला :

‘‘बा देवा म्हाराजा! न धाडलेल्या मेसेजीचो जो पैसो गेल्लो, तो तुज्या लेकरांक परत मिळालो रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘असाच ज्याचा तेका मिळांदे रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ देवळाची कौले थरथरली असे मी म्हणणार नाही. पण छपरातली कबुतरे उडाली, हे मी पाहिले. शुभांगीचा आवाज सगळ्यांत वर होता.

त्यानंतरच्या सोमवारी अर्ज भरायला गाव बँकेत लोटला. संदेश नकोत म्हणून मीही भरला. रांगेत माझ्या पुढे तात्या होते. इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि त्याच्या खिशात, मी प्रथमच पाहत होते, साखरेच्या डब्याशेजारचा तो फोन. छापील अर्ज त्यांनी घेतला नाही. घरून लिहून आणलेला कागद पुढे केला. त्यात एकही नमस्कार नव्हता. एकच ओळ होती : ‘या खात्यावरील संदेश सेवा कृपया चालू ठेवावी व तिचे शुल्क नियमितपणे कापून घ्यावे.’

मॅनेजरने कागद दोनदा वाचला. ‘‘काका, अख्ख्या गावाचं तुम्ही बंद केलंत, आणि स्वतःचं चालू ठेवताय?’’

कचेरीत तात्या शुद्ध बोलतात. ‘‘साहेब, संदेश मला येत नाही. खात्यावर पहिलं नाव घरच्यांचं आहे. नंबरही त्यांचाच. जो प्रवास होतो, त्याचं तिकीट द्यायलाच हवं.’’

‘‘काकूंना विचारलंत ना?’’ तो हसून म्हणाला. गावात नवा होता तो.

‘‘विचारलं,’’ तात्या म्हणाले.

शिक्का पडला. तात्या पलीकडच्या खिडकीशी सरकले, पाचशे रुपयांची चिठ्ठी दिली, नोट घेतली; आणि तेवढ्यात त्यांच्या छातीशी तो ओळखीचा, पितळी नाद झाला. टुण्.

तात्यांनी डोळे मिटले. नारळ धरावा तसा तळवा खिशावर ठेवला, मान किंचित खाली केली, आणि कचेरीतले शुद्ध मराठी त्यांच्या आवाजातून गळून पडले. ‘‘पाचशेच काढलंय गो,’’ ते पुटपुटले. ‘‘जत्रेक खर्च झालो.’’

‘‘गावकरांनू, सरका फुडे,’’ मागून पारूआक्का ओरडली. ‘‘बांगडे ताटकळले माजे!’’

ते जागचे हलले नाहीत. माझ्या ओठांवर सवयीने ‘‘व्हय म्हाराजा’’ आले होते. मी ते गिळले. साथ त्यांना केव्हाच मिळाली होती.