जॅकेटचा गठ्ठा

बायकोचं जॅकेट बॅगेत मावत नाही हे हेडक्लार्कच्या लक्षात आलं, आणि तिथंच घात झाला.

बायको हवामान खात्यात. बर्फाळ डोंगरावरच्या केंद्रावर तीन महिने नोंदी घ्यायला जायची संधी तिला नऊ वर्षांनी मिळाली होती, आणि निघायला पंधरवडाच उरला होता. जॅकेट नवंकोरं, आत सिंथेटिक धाग्यांचं भरण, आणि फुगलेलं इतकं की खुर्चीवर ठेवलं तर कोणी पाहुणे येऊन बसलेत असं वाटावं. आपला हेडक्लार्क रेकॉर्ड रूममधला. फुगलेली फाईल दिसली की त्याचे हात शिवशिवत. (बावीस वर्षांत त्याने भलेभले गठ्ठे सपाट केले होते. साहेबांसमोर मात्र तो स्वतःच सपाट होई.)

बायकोला तेवढीच मदत म्हणून त्याने गुपचूप जॅकेटची घडी घातली, दोन पुठ्ठ्यांमध्ये दाबली, नाडीने करकचून आवळली आणि वर लोखंडी ट्रंक ठेवली. बारा दिवस. रोज ऑफिसला निघताना तो ट्रंकेवर घटकाभर बसूनही जाई.

निघायच्या आदल्या सकाळी त्याने तो गठ्ठा मोठ्या तोऱ्यात तिच्यापुढे ठेवला.

"हे काय?"

"तुझं जॅकेट. आता बॅगेत असली आणखी दोन मावतील."

तिने नाडी सोडली. जॅकेट हललंसुद्धा नाही. तिने ते अंगात घातलं, तर त्यापेक्षा रेनकोट जाड वाटला असता. ती मटकन खाली बसली.

"तिकडे उणे दहा असतं," ती म्हणाली. "हे घालून मला तासन् तास बाहेर उभं राहायचंय."

"पण भरण सगळं आतच आहे. एक धागा सांडलेला नाही."

"ऊब धाग्यांत नसते हो. धाग्यांच्या मधे हवा अडकून राहते, ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तुम्ही नेमकी ती हवाच काढलीत."

ज्या संधीची तिने नऊ वर्षं वाट पाहिली, तिच्यावरच त्याने ट्रंक ठेवली होती. जॅकेट काखेत मारून तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीवालीकडे धावला.

तिने ते उजेडात धरलं. "इस्त्री नाही ना फिरवलीत? धागे वितळून बसले असते."

"छे छे," हेडक्लार्क म्हणाला. (इस्त्री बिघडली होती, म्हणून. नाहीतर तोही बेत होताच.)

तिने जॅकेटवर थोडं पाणी शिंपडलं, ते ड्रायरमध्ये टाकलं, सोबत टेनिसचे तीन चेंडू, आणि आच अगदी मंद ठेवली. "चेंडू आपटले की दबलेले धागे सुटतात, मधे पुन्हा हवा शिरते. अगदी पहिल्यासारखं होईल असं नाही सांगत. पण बरंच होईल."

तासभर तो काचेला नाक लावून उभा राहिला. धप, धप, धप. प्रत्येक दणका आपल्याच पाठीत बसतोय असं त्याला वाटलं, आणि बसायलाच हवा असंही वाटलं. मग एक बाही फुगली. मग दुसरी. मग पाठ. आनंदाच्या भरात त्याने लाँड्रीवालीला दोनदा थँक्यू म्हटलं आणि ड्रायरलाही एकदा.

दुसऱ्या दिवशी बायको ते जॅकेट अंगात घालूनच निघाली. आठवड्याने तिचा फोन आला.

"उणे बारा आहे, आणि मी मजेत आहे. जरासुद्धा थंडी वाजत नाही."

हेडक्लार्कला भरून आलं. पाठोपाठ त्याची छातीही फुगली. "मग तिथल्या लोकांना सांगितलंस की नाही, मी ते कसं नीट करून आणलं?"

"सांगितलं की. अगदी पहिल्यापासून. इथल्या तिघीजणींनी लगेच घरी फोन करून सासूबाईंना नवऱ्यांकडून कपाटांच्या किल्ल्या ताब्यात घ्यायला सांगितलंय."