सरकारची इर्जिक

धोंडाबाईनं भाकरी तव्यावर टाकली तेवढ्यात सोपानतात्या दारात आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "वैनी, आयतवारी रश्शाला हात जरा सढळ ठेवा बरं का. मागच्या इर्जिकीला वाटीत नुसतं पाणी हिंदकळत व्हतं."

"कसला रस्सा?"

"आता कसला म्हंजी? मटणाचा. इर्जिक म्हणल्यावर काय आळूचं फदफदं वाढणार हाय का?"

"कुणाची इर्जिक?"

"तुमचीच की! काल सांजच्याला मारुतीच्या पारावरनं तुमच्या कारभाऱ्यानंच हाक दिली. पार वड्यापल्याड ऐकू गेली."

तव्यावरची भाकरी करपली. धोंडाबाईनं ती तशीच काढून बाजूला ठेवली. आज कुणाच्या ताटात जायची, हे त्या क्षणी ठरलं.

इर्जिक म्हणजे त्या मुलखातली जुनी रीत. एखाद्याचं काम अडलं की त्यानं हाक द्यायची, गावानं आपापले बैल-औत घेऊन यायचं, दिवसभरात कामाचा फडशा पाडायचा, आणि मग हाक देणाऱ्यानं सगळ्यांना मटणाचं जेवण घालायचं. मजुरी कुणी मागत नाही, जेवण कुणी विसरत नाही. ढगेवाडीत आजवर ही रीत कुणी मोडली नव्हती. शेळगावच्या वाटेवर चार घरं इकडे नि चार घरं तिकडे असं ते गाव, पण रीतीभातीला पक्कं.

कुंडलिक गोठ्यातून आला तो पितळीत करपलेली भाकरी बघूनच सावध झाला.

"तुमी गावाला इर्जिक घातलीय म्हणं?"

"छ्या! ते नवं ग्रामसेवक हायेत न्हवं, टेंबेसायब, त्ये म्हणलं, कुंडलिकराव, माझा आवाज कुठवर जाणार, तुमीच गावाला बोलवा. म्या बोलावलं. त्याला त्ये श्रमदान म्हणत्यात."

"आन् लोकांनी इचारलं असंल, जेवाण हाय का?"

"इचारलं की. म्या म्हणलं, त्याची काळजी नगं."

"कुणाच्या जिवावर म्हणलात?"

"सरकारच्या!" कुंडलिक म्हणाला. "कामाचा धनी सरकार. मग जेवाण बी सरकारचंच. ह्यात चुकलं कुठं?"

चुकलं कुठंच नव्हतं, हीच तर पंचाईत होती. फक्त सरकारला हे कुणी सांगितलं नव्हतं.

काम होतं बाळंतपणाच्या खोलीचं. विकास योजनेतून सरकार पत्रा देणार, सिमेंट देणार, दारं-खिडक्या देणार, आणि कायमची नर्सबाई देणार. गावानं आपल्या हिश्शाचा पाया नि भिंती श्रमदानानं उभ्या करायच्या. रविवारी संध्याकाळी ब्लॉकचे, म्हणजे तालुक्याच्या विकास कचेरीचे, साहेब पाया बघायला येणार होते. पाया नसला तर मंजुरी शेळगावला जाणार, असं टेंबेनी स्वच्छ सांगितलं होतं.

ही खोली गावाला हवी होती आणि धोंडाबाईला सगळ्या गावापेक्षा जास्त हवी होती. गेल्या साली तिच्या सुनेला, विजयमालाला, अडल्या अवस्थेत बैलगाडीत घालून बारामतीला न्यावं लागलं. गाडी निम्म्या वाटेत असतानाच मूल झालं आणि गेलं. विजयमाला वाचली, ती सुद्धा देवाची करणी. आता तिला पुन्हा दिवस गेले होते. त्या रस्त्यावरून गाडी पुन्हा न्यायची नाही, असं धोंडाबाईनं मनाशी पक्कं केलं होतं. म्हणूनच नवऱ्याचा कान धरायचा सोडून तिनं त्याला पुढे घातलं आणि थेट चावडी गाठली.

टेंबे पुण्याचे. गावात येऊन त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते आणि फक्त शेळीला 'अहो' म्हणायचं तेवढं त्यांनी बाकी ठेवलं होतं.

"मटण?" ते खुर्चीतून उठलेच. "बाई, सरकार सिमेंट देतं, पत्रा देतं. मटण कुठल्या खात्यातून देणार?"

"जनावरांच्या खात्यातनं," कुंडलिकनं वाट दाखवली.

"अहो, श्रमदान हे दान आहे! दान करणारा मोबदला मागतो का? गावकऱ्यांनी घरून भाकरी खाऊन यावं, दोन तास खणावं आणि आनंदानं घरी जावं."

"सायब," धोंडाबाई म्हणाली, "आमच्याकडं बिनजेवणाचं खणणं एकच असतंय."

"कोणतं?"

"मयताचं. खड्डा खणायचा, माती लोटायची आन् उपाशी माघारी यायचं. गेल्या साली माझ्या नातवासाठी खणला व्हता तसला. बाळंतिणीच्या खोलीचा पाया म्या तसा खणू देणार न्हाय."

टेंबे खाली बसले.  नरमून म्हणाले, "मग कसं करायचं?"

"करायचं काय? हाक दिलीय ह्यांनी, निस्तरायचं म्या. जल्मभर त्येच करत आलेय!"

घरी एक बोकड होता. विजयमाला सुखरूप सुटावी म्हणून तो लक्ष्मीआईला बोललेला होता. धोंडाबाई त्याला स्वतःच्या हातानं पाला घालायची आणि कुंडलिकनं त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी तिला चालायचं नाही. आता तोच सरकारच्या खोलीच्या पायात जाणार म्हटल्यावर तिच्या अंगाचा तिळपापड झाला. देवीला काय सांगायचं? ब्लॉकचे साहेब आले म्हणून तुझा नवस त्यांना वाढला?

रविवारी पहाटे राजमहंमद मुलाणी सुरी घेऊन आला, तेव्हा ती बोकडाच्या गळ्यात हात टाकून बसली होती.

"धोंडाअक्का, नवस कशापायी बोलली व्हतीस?" त्यानं विचारलं.

"माला सुखानं सुटावी म्हणून."

"आन् खोली कशापायी बांधतोय?"

धोंडाबाईनं बोकडाच्या गळ्यातला हात काढला.

"मग लक्ष्मीआईला काय येवढं बी कळत न्हाय व्हय? सोड त्येला."

तिनं दावं सोडलं, पण राग सोडला नाही.

माळावर दिवस उगवायला गाव जमलं. जमलं म्हणजे काय, झाडून सगळं जमलं, आणि सोबत बैल आणि नांगर घेऊन जमलं. कुंडलिकनं पारावरून 'कामाला या' एवढंच सांगितलं होतं. कसलं काम ते सांगायचं राहून गेलं होतं. आणि फाल्गुनात इर्जिक म्हटली की ती नांगरटीचीच, हे काय सांगायला हवं? टेंबेनी आदल्या दिवशी उन्हात उभं राहून, दोऱ्या लावून, पांढऱ्या फक्कीनं खोलीची आखणी केली होती. ते तोंड धुऊन येईपर्यंत सोपानतात्याच्या औतानं खोलीच्या मधोमध पहिलं तास मारलं. मागून बाकीची औतं आली. टेंबे धावत पोहोचले तेव्हा नर्सबाईची खोली, व्हरांडा आणि मोरी ह्यांची ढेकळं झाली होती.

"थांबा! थांबा! इथे इमारत होणार आहे!"

"व्हऊ द्या की," सोपानतात्या बैल न थांबवता म्हणाला. "नांगरल्या रानात काय बी चांगलं येतंय."

टेंबेंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी कुंडलिकनंच आवाज लावून औतं थांबवली. पुन्हा दोऱ्या ताणल्या, पुन्हा फक्की पडली, आणि नांगर ठेवून गड्यांनी कुदळी घेतल्या. एक मात्र झालं. नांगरटीनं माती मोकळी झाली होती, त्यामुळे खणणं पटापट पुढे सरकलं. आणि इर्जिकीत आळीआळीची चढाओढ लागते, तशी ती इथेही लागली. वरची आळी कंबरभर खोल गेली की खालची छातीभर जायची. टेंबे काठावरून ओरडत होते, "अहो पुरे, ही विहीर नाही!" पण तिकडे दगडांच्या चुलींवर रस्सा उकळायला लागला होता आणि त्या वासानं कुणाच्याच कुदळीला दम निघत नव्हता.

गडी खणत होते आणि बाया दोन्हीकडे राबत होत्या. चुलीशी खतिजाबी, म्हणजे राजमहंमदची बायको, मसाला वाटत होती. फुलाबाई भाकऱ्या थापत होती. भाकरी तव्यावरून उतरली की तीच बाई डोक्यावर पाटी घेऊन खड्ड्यावर जायची, माती काढून लांब टाकून यायची, येताना पायात भरायला दगड आणायची आणि पुन्हा तव्यापुढे बसायची. ह्याचं कुणालाच काही वाटलं नाही. त्यांनाही नाही.

दिवस कलायला साहेबांची जीप आली. साहेब धुळीनं माखलेले आणि भुकेलेले होते. त्यांनी पाया बघितला आणि त्यांचं समाधान झालं. "उत्तम! एवढा खोल पाया मी तालुक्याच्या कचेरीचाही पाहिला नाही." मग आग्रह झाला आणि ते पंगतीत बसले. पहिल्या वाटीला त्यांच्या कपाळावर घाम आला. दुसऱ्या वाटीला त्यांनी टोपी काढून ठेवली. तिसऱ्या वाटीला म्हणाले, "वा! कोणाकडून हे जेवण?"

इथं कुंडलिकनं गप्प बसायचं होतं. टेंबे त्याला डोळ्यांनी खुणावत होते. पण पंगतीसमोर यजमान म्हणून छाती काढायची संधी रोज येत नाही.

"माझ्याकडनं!" तो गरजला. "कामाला आलेल्या समद्या गावाला पोटभर!"

साहेबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे कामाच्या बदल्यात जेवण दिलं?"

"न देऊन कसं चालंल? रीत हाय."

साहेबांनी शांतपणे हात धुतला आणि टोपी घातली. टोपी घातल्याबरोबर ते दुसरेच कुणीतरी झाले. "टेंबे, मग हे श्रमदान नाही. ही मजुरी झाली. जेवण घेऊन केलेलं काम गावाच्या हिश्शात धरता येत नाही. नियम आहे."

पंगतीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं आमी मजूर न्हाय, कुणी म्हणालं भाकरीला मजुरी कोण म्हणतंय, सोपानतात्या म्हणाला पाया पुन्हा बुजवू. तोवर धोंडाबाई हातातला डाव घेऊन चुलीमागून पुढे आली होती. बोकड गेला, नवस गेला, दिवसभर धुरात डोळे गेले, आणि आता खोलीही चालली. तिचा आवाज नवऱ्याच्याही वर गेला.

"आमी मजूर का? आन् सायब, तुमी तीन वाट्या जेवलात, तुमी कुणाचं मजूर?"

"मी... मी पाहणीचा भाग म्हणून जेवलो."

"मग आमी बी खणायचा भाग म्हणून जेवाण घातलं! माझ्या सुनंनं पुन्हा गाडीत बाळंत व्हायाचं का? तुमचा नेम मोठा का तिचा जीव?"

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनाही खोली हवी होती, फक्त नियम मोडायला नको होता. ते घाम पुसत म्हणाले, "बाई, माझा इलाज नाही. जो जेवला त्याचं काम धरता येत नाही. न जेवता काम केलेलं कोणी असेल तर दाखवा, त्याचं आत्ता लिहितो."

गडी एकमेकांकडे बघायला लागले. न जेवलेला एकही नव्हता. उलट कुदळीला हात न लावता जेवलेले बरेच होते.

 धोंडाबाईनं मागं वळून चुलीकडे बघितलं.

"आमी जेवलो न्हाय," ती म्हणाली.

"कोण?"

"ह्या समद्या बाया. सकाळधरनं पानी बी निवांत पेलो न्हाय."

"का बरं?"

"मग वाढायचं कुणी, तुमी?"

साहेबांनी विचारलं, "पण तुम्ही काम काय केलं?"

आता खतिजाबी उठली. "घ्या! येवढी माती काय पायांनी चालत गेली त्या टोकाला? आन् हे दगड काय पाव्हणं म्हणून आले?"

साहेबांनी मातीच्या ढिगाऱ्याकडे बघितलं, पायातल्या दगडांकडे बघितलं. तरी खात्री म्हणून म्हणाले, "आता नंतर जेवणारच असाल ना?"

धोंडाबाईनं रश्शाचा हंडा ओढत आणला आणि साहेबांसमोर उपडा केला. एक तमालपत्र पडलं. भाकरीचं टोपलंही मोकळं होतं.

 कुंडलिकनं नजर पत्रावळीत घातली. पत्रावळीतही काही उरलं नव्हतं.

साहेबांनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मंजुरी लिहिली. पाया गावातल्या स्त्रियांच्या श्रमदानातून पूर्ण. टेंबे इतके हरखले की त्यांनी खतिजाबीला आणि जवळच उभ्या असलेल्या एका बैलालाही नमस्कार केला.

भिंतींच्या दिवशी गड्यांनी निश्चय केला की आता आपलंही काम धरलं गेलं पाहिजे, आपण मुळीच जेवायचं नाही. पण उपाशी खणलं तर मयताचं, हे त्यांच्याच आज्या-पणज्यांनी सांगून ठेवलेलं. न जेवावं तर अपशकुन, जेवावं तर मजुरी. दुपारपर्यंत त्यांनी कसाबसा दम धरला आणि मग मुकाट्यानं पिठलं-भाकरीला बसले. भिंतीही बायकांच्याच नावावर गेल्या.

भाद्रपदात विजयमाला त्या खोलीत बाळंत झाली. मुलगी झाली. नर्सबाईनं दार उघडून सांगितलं तेव्हा धोंडाबाई व्हरांड्यात बसून होती, ती तशीच पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली. कुंडलिक शेजारी उभा होता. तो भिंतीवर नवीनच बसवलेली पाटी एकेक अक्षर लावून वाचायला लागला, आणि वाचता वाचता संतापला.

"स्त्रियांच्या श्रमदानातून? ह्यो काय न्याय झाला? पाया आमी खणला! हाताला फोड आलं माझ्या!"

धोंडाबाईनं डोळे पुसले. "खणलात की. कोण न्हाय म्हणतंय? पण जेवलात."

कुंडलिकनं पाटी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

"येक सांगा," ती म्हणाली, "त्या दिशी रस्सा कसा झाला व्हता वो? आमाला काय चाखाया घावला न्हाय."

"बरा झाला व्हता."

"बरा?" धोंडाबाई उठून उभी राहिली. "नुसता बरा?"

तेवढ्यात आत पोर रडायला लागली म्हणून कुंडलिक त्या दिवशी वाचला.