नंदूचं उष्टावण आणि हेडमास्तरांचा ग्रंथ

“आमचा नंदू पुस्तकच उचलणार. लिहून ठेवा!” यज्ञेश्वर मास्तरांनी साऱ्या सोलापुरात दवंडीच पिटली होती. उष्टावणाच्या दिवशी बाळापुढं वस्तू मांडतात. बाळ उचलेल तो त्याचा पुढचा धंदा! पण मास्तर दैवावर विसंबणारे नव्हते. तान्ह्या बाळाच्या मनावरचा जाडजूड इंग्रजी ग्रंथ त्यांनी हेडमास्तर शिवलिंगप्पांकडून मागून आणला होता. सोमवारी इन्स्पेक्टरसाहेबांपुढं त्यावरच व्याख्यान द्यायचं होतं. जमलं तर बढती!

आईच्या वासाची वस्तू बाळाला आईच वाटते, एवढं मास्तरांनी ग्रंथातून उचललं. झालं! पंधरा दिवस पद्मजाबाई नंदूला पाजायला बसल्या की ग्रंथ त्यांच्या मांडीवर!

उष्टावणाला हेडमास्तर जातीनं आले. मामा गंगाधर कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातला. त्यानं बाळापुढं लोखंडी पाना ठेवला. “भावोजी, भाचा रेल्वेतच येणार!”

नंदू रांगला. पाना ओलांडला, अंगठी ओलांडली आणि ग्रंथावर पालथाच पडला! मास्तरांची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटली.

“शाब्बास की मास्तर! आता तेवढं आमचं पुस्तक द्या,” हेडमास्तर म्हणाले.

पुस्तक ओढताच नंदूनं असा टाहो फोडला की मामाच्या हातातली खिरीची वाटी कलंडली! मास्तरांनी पंचांग दिलं. फेकलं! व्याकरण दिलं. तेही फेकलं!

“लई पोरं शिकवली, पण असा वाचक बघितला न्हाय!” हेडमास्तर म्हणाले.

पद्मजाबाईंनी पुढं होऊन पदराचं टोक नंदूच्या मुठीत दिलं. नंदू गप्प!

हेडमास्तरांनी ग्रंथ चाळला. “मास्तर, कोऱ्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली होती. आमीबी कापली नव्हती. तुम्ही सगळी कापून वाचलीत?”

“हो, म्हणजे...”

“ह्यांनी सोळाच कापली,” पद्मजाबाई बोलून गेल्या. “बाकीची मी, विळीनं. पाजताना दुसरं करायचं काय? दूध देणारी आई चांगली, उशीर करणारी वाईट. बाळाला त्या दोन बाया वाटतात हो! दोघी एकच हे कळलं की ते शहाणं होतं. मला तर वाचताना रडूच आलं.”

“अगं, तुला इंग्रजी...”

“मॅट्रिकला पहिली आले होते. तुम्ही कधी विचारलंत?”

मास्तर ओशाळले. हेडमास्तरांनी ग्रंथ मास्तरांच्या हातात न देता पद्मजाबाईंच्या हातात दिला. “सोमवारी तुम्हीच बोला की!”

सोमवारी पद्मजाबाईंचं व्याख्यान असं रंगलं की इन्स्पेक्टरसाहेबांनी उठून टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावर नंदूला मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरांकडं पाहत त्यांनी विचारलं, “बाईंचे यजमान काय करतात?”

“मूल सांभाळतात की!” हेडमास्तर म्हणाले.